हद्दीबाहेर!

काल रात्री एक जुना अमेरिकन निकाल वाचत बसलो होतो. स्कॉट लाइव्हली हा मॅसॅच्युसेट्सचा पास्टर. २००९ मध्ये कंपालाला जाऊन त्याने समलैंगिकांविरुद्ध भाषणं ठोकली, आणि त्याच वर्षी युगांडाच्या संसदेत फाशीची तरतूद असलेलं विधेयक आलं. २०१२ मध्ये 'सेक्शुअल मायनॉरिटीज युगांडा' या संस्थेने त्याला थेट स्प्रिंगफील्डच्या, म्हणजे त्याच्याच गावच्या कोर्टात खेचलं. आधार काय, तर १७८९ चा कायदा! परदेशी माणसालाही अमेरिकेत दाद मागू देणारा. मानलं बुवा.

२०१७ मध्ये न्यायाधीश पॉन्सर यांनी लिहिलं की छळाला त्याने मदत केली, आंतरराष्ट्रीय कायदा मोडला. पण छळ झाला युगांडात, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाने हात बांधलेले. सबब खटला रद्द. आमच्याकडे बग असेच बंद होतात, 'आमच्या मॉड्यूलमधला नाही' म्हणून. द्वेष पाठवताना हद्द आड आली नाही, दाद मागतानाच बरी आली!

तरी खटला वाया गेला असं मला वाटत नाही. जिंकूनही, निकालातली ती वाक्यं काढा म्हणून हा बाबा अपिलात गेला. २०१८ मध्ये अपील फेटाळलं, वाक्यं तशीच राहिली.

युगांडात मात्र २०२३ मध्ये नवा कायदा झालाच. काही प्रकरणांत फाशीसकट.