मोटारीचें कवच आणि कोरडें फडकें

संसारांत नवी वस्तु आली कीं तिच्यापाठोपाठ तिची राखण येते. पितळेचीं भांडीं आलीं कीं चिंच येते, पुस्तकें आलीं कीं वाळवीची धास्ती येते, आणि दाराशीं मोटार आली कीं तिच्या रंगाची काळजी येते. पहिल्या दोहोंची विद्या आमच्या घरांत वडिलोपार्जित होती; तिसरीची नव्हती. ती मी कशी शिकलों तें आज वाचकांपुढें ठेवतों. सांगतांना थोडी लाज वाटते. पण तेवढा भाग गाळला तर लेखांत कांहीं अर्थच उरणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं दसऱ्याला आमच्या पुतण्यानें गडद निळ्या रंगाची मोटार घेतली. विक्रेत्याच्या दुकानांत त्याला तीन नांवें ऐकविण्यांत आलीं : टेफ्लॉन, सिरॅमिक आणि फिल्म. घरीं येऊन त्यानें विषय काढला तेव्हां आमचे थोरले बंधु म्हणाले, "अरे, गाडी फिरायला घेतलीस कीं देव्हाऱ्यांत बसवायला?" पुतण्या म्हणाला, "बाबा, एकदां सिरॅमिक लावलं कीं मग वर्षानुवर्षं बघायला नको." शेवटीं सिरॅमिक कोटिंग झालें. तें 'बघायला नको' मात्र आम्हीं सर्वांनींच मनावर घेतलें, आणि पुढील अनर्थाचें मूळ तेथेंच होतें.

गेल्या उन्हाळ्यांत एका रविवारीं गाडी उन्हांत उभी होती. सूनबाई म्हणाल्या, "काका, बॉनेटवर हें कोळ्याचं जाळं कसलं?" जवळ जाऊन पाहतों तों सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं हजारों बारीक वर्तुळाकार ओरखडे! पुतण्या तडक दुकानांत गेला. तेथें उत्तर मिळालें, "कोटिंगचा दोष नाहीं, पुसणाऱ्याचा आहे." झालें. रोज पहांटे येऊन गाडी पुसणाऱ्या माणसावर सारा राग निघाला, आणि "उद्यांपासून येऊं नका" असें त्याला सांगण्यांत आलें. तो गृहस्थ माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "गुरुजी, फडकं तुम्हींच दिलं होतं. पाणीकपात लागली तेव्हां कोरडंच पुसा म्हणालां."

तें अक्षरशः खरें होतें. माझ्याच जुन्या धोतराचा तो तुकडा होता. तीस वर्षें मुलांना 'चूक कबूल करा' असें शिकविलें, आणि चार माणसांसमोर स्वतःवर वेळ आली तेव्हां ओठ उघडेनात. तो माणूस निघून गेला. रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसरे दिवसापासून जें मिळेल तें वाचण्यास व विचारण्यास लागलों. त्याचें सार पुढें देत आहें.

प्रथम मोटारीचा रंग म्हणजे काय तें पाहूं. पत्र्यावर सर्वांत खालीं गंजापासून राखणारा थर असतो. कारखान्यांत पत्रा रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें तो बसवितात. त्यावर अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांवर वार्निशासारखा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे चारी थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या रंगासाठीं आपण एवढा जीव टाकतों, तो सगळा मिळून दोन केसांहूनहि पातळ! त्यांतला क्लिअर कोट तर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनच. उन्हांतील घातक किरण अडविणें, चकाकी देणें आणि पहिला ओरखडा स्वतःवर घेणें, हीं तिन्ही कामें त्याचीं. कर्णाचें कवच जसें जन्मजात, तसें हें मोटारीचें जन्मजात कवच होय. बाकीचीं सारीं कवचें मागाहून चढविलेलीं.

त्यांतलें सर्वांत जुनें मेणाचें. ब्राझील देशांत कार्नौबा नांवाचा ताडाचा वृक्ष आहे. त्याच्या पानांवरचें मेण कठीण व चकचकीत असतें. तें हातानें चोळावें, चमक सुंदर येते. पण आपल्या उन्हापावसांत कांहीं आठवड्यांत उतरूं लागतें. दुसरें टेफ्लॉन. हा पदार्थ १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हातीं अकस्मात् लागला. तो वितळतो ३२७ अंश सेल्सियसला. म्हणून तव्यावर तो बसवावयाचा तर भट्टींत तितकी आंच द्यावी लागते. मोटारीला अशी आंच दिली तर रंगच जळून जाईल! तेव्हां 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून जें चोळतात, तें टेफ्लॉन मिसळलेलें पॉलिश असतें, आणि टिकतें तें त्या पॉलिशाइतकेंच. नांवाला भुलून तव्याचा टिकाऊपणा त्यांत शोधूं नये.

तिसरें सिरॅमिक. हा सिलिकायुक्त द्रव असतो. रंगावर पुसून घेतला कीं हवेंतील आर्द्रतेशीं संयोग पावून तो घट्ट होतो. त्याची जाडी एखाद-दुसरा मायक्रॉन, बहुधा त्याहूनहि कमी. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसें त्याच्यावर पाणी ठरत नाहीं, मळ घट्ट चिकटत नाहीं, आणि धुण्याचें काम निम्म्यानें हलकें होतें. हा त्याचा खरा गुण, आणि तो लहान नव्हे. पण दुकानांत '९ एच कठीणपणा' असें सांगतात, तेथें मात्र आम्हां मास्तर लोकांचे कान टवकारले पाहिजेत. हा 'एच' म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीवरचाच एच! निरनिराळ्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून कोणत्या पेन्सिलीनें ओरखडा उठतो, तें पाहण्याची ती कसोटी आहे. खनिजांचा कठीणपणा मोजणारी जी मोह्‌स यांची दहा अंकांची श्रेणी, तिच्याशीं या नवांकाचा कांहींएक संबंध नाहीं. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे कण असतात, आणि गार त्या श्रेणींत सातव्या स्थानीं आहे. पेन्सिलीचें शिसें तिच्यापुढें लोण्यासारखें मऊ. पेन्सिलीला जें दाद देत नाहीं तें धुळीलाहि दाद देणार नाहीं, असें समजणें ही आमच्या घराची पहिली चूक.

चौथें कवच फिल्मचें. १९६० नंतरच्या दशकांत, व्हिएतनामच्या युद्धांत, हेलिकॉप्टरांचीं पातीं वाळूनें व खड्यांनीं झिजत. त्यांच्या रक्षणासाठीं पॉलियुरेथेनची चिवट पारदर्शक फिल्म योजण्यांत आली. तेथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि पुढें घरगुती मोटारींवर आली. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून अधिक. उडालेल्या खड्याचा मार खरोखर झेलील अशी या चौघांत ती एकटीच. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरावर बारीक ओरखडा उठला तर उन्हानें किंवा ऊन पाण्यानें तो आपोआप भरून येतो. मात्र सिरॅमिकच्या कित्येक पट खर्च! त्यासाठीं मध्यम मार्ग आहे. खडे लागतात ते पुढून; म्हणून पुढचा बंपर, बॉनेट, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्यांवरच फिल्म लावून घ्यावी. पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावर ज्यांचें नित्य जाणें-येणें आहे, त्यांना हा खर्च शोभतो. जी गाडी मंडईपर्यंत जाऊन परत येते, तिला नव्हे. पूर्वीं कोठें पुन्हां रंग दिलेला असेल तर तो भाग आधीं सांगावा. कच्च्या रंगावरची फिल्म पुढें काढतांना रंगहि घेऊन निघते. आणि रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलावयाचा असेल तर आधीं परिवहन कार्यालयाचा दरवाजा ठोठवावा. कारण नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो.

आतां चाकें. त्यांचा शत्रु निराळा. ब्रेक लावला कीं तापलेल्या लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात आणि मिश्रधातूच्या रिमेवरील पारदर्शक थरांत रुततात. पुढें ते गंजतात, व तपकिरी ठिपके पडतात. रिमेच्या वांकणांमुळें तेथें फिल्म सोईची नाहीं. कोटिंग मात्र उपयोगी, कारण पूड घट्ट बसण्यापूर्वींच पाण्यानें निघून येते. रुतलेले कण विरघळविणारा द्रव मिळतो. लोखंड भेटतांच तो जांभळा होतो, तेव्हां घाबरूं नये. प्रवासाहून आल्यावर तापलेल्या चाकांवर गार पाणी ओतूं नये, आणि तारेची घासणी तर दृष्टीसहि पडूं देऊं नये. कोंकणांत समुद्राकांठीं राहणाऱ्यांनीं चाकें गोड्या पाण्यानें अधिक वेळां धुवावीं. खारी हवा थरांतल्या लहानशा चिरेंतून आंत शिरते आणि आंतल्या आंत धातु खाते. फूटपाथच्या दगडाला रिम घासली तर मात्र कोणतेंहि कवच कामास येत नाहीं. तेथें सारथ्यच सुधारलें पाहिजे.

हें सर्व वाचतांना एक साधी गोष्ट मला उमगली, आणि माझ्या अपराधाचें नेमकें स्वरूप कळलें. धूळ बसल्यानें रंगावर ओरखडे पडत नाहींत. ती घासल्यानें पडतात. गाडी आठ दिवस धुळींत उभी राहिली तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. पण रोज पहांटे कोरडें फडकें फिरविणें म्हणजे गारेचे कण हातांत घेऊन रंग खरवडणेंच होय. स्वच्छतेच्या नांवाखालीं मी वर्षभर तेंच करवून घेत होतों. आणि एका मायक्रॉनचें सिरॅमिक त्यापुढें काय करणार?

योग्य रीत अशी. आठवड्यांतून एकदां, सावलींत, गाडी गार असतांना धुवावी. आधीं नुसत्या पाण्यानें धूळ वाहूं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या, एक गाडीच्या सौम्य शांपूची व एक फडकें खळबळण्याची. आणि मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानें वरून खालीं यावें. भांड्यांचा साबण किंवा रॉकेल कदापि नको. फडक्यांच्या बाबतींत आपल्या सोंवळ्याचा नियम चालवावा : चाकांचें फडकें रंगाला लावूं नये, आणि जमिनीवर पडलेलें फडकें धुतल्याशिवाय पुन्हां घेऊं नये. शेवटीं पाणी टिपून घ्यावें. बोअरच्या पाण्यांत क्षार असतात. थेंब वाळले तर पांढरीं वलयें उठतात, आणि सिरॅमिक असलें तरी उठतात. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते व उन्हांत रंग खाते. ती दिसतांच वर ओलें फडकें पांच मिनिटें ठेवून अलगद उचलावी, खरवडूं नये. धुळीनें भरलेल्या गाडीवर कापडी आच्छादन घालणें हेंहि घासणेंच. इतकें पाळलें तर साधें मेणहि पुष्कळ काम देतें. न पाळलें तर लाखाची फिल्महि विटते.

असो. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं मीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं फडकें माझें होतें आणि आज्ञाहि माझी होती. पुतण्या क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, हें त्याच दिवशीं बोलायला हवं होतं." बंधु कांहींच बोलले नाहींत, आणि तें मला अधिक लागलें. तोंपर्यंत शेजारच्या दोन घरांनींहि आमच्या सांगण्यावरून त्या माणसाला बंद केलें होतें. मी स्वतः त्या दोन्ही घरीं गेलों व खरें काय तें सांगितलें. एकानें त्याला परत घेतलें. दुसऱ्यानें तोंवर दुसरा माणूस ठेवला होता. त्या घराचे पैसे आतां मी माझ्या पेन्शनींतून देतों. हें औदार्य नव्हे, देणें आहे.

गाडीचे ओरखडे पॉलिशच्या यंत्रानें काढून घेतले. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचेच दोन-चार मायक्रॉन खरवडून सपाट करणें. गेलेलें परत येत नाहीं, आणि हा उपाय गाडीच्या आयुष्यांत थोड्याच वेळां करतां येतो. ज्यांना नव्यानें कोटिंग करावयाचें असेल त्यांनीं ओरखडे आधींच काढून घ्यावेत, नाहींतर ते कोटिंगच्या खालीं तसेच चकाकत राहतात. हमीच्या कागदावर कशाची हमी आहे आणि कशाची नाहीं, हें तेथेंच उभें राहून वाचावें.

आतां दर रविवारीं तो माणूस, पुतण्या आणि मी असे तिघे मिळून गाडी धुतों. चाकें माझ्या वांट्याला आलीं आहेत.