कार्ड दहाव्या वर्षी, तयारी कधी?

"अरे, मालवणला तर पर्यटकांना तासाभरात पाण्याखाली नेऊन परत आणतात. तुमच्याकडे त्याचा एवढा अभ्यास कशाला?" आईचा फोन आला तेव्हा आम्ही बाप-लेक टेबलावर स्कूबा डायव्हिंगचा धडा वाचत बसलो होतो. मी टेक्सासमधल्या ऑस्टिनला सॉफ्टवेअरचं काम करतो. लेक नुकतीच दहा वर्षांची झाली होती आणि तिच्यासोबत मीही कोर्सला नाव घातलं होतं.

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. मालवण-तारकर्लीला पर्यटक म्हणून पाण्यात उतरलं, की सोबतचा प्रशिक्षक आपल्याला धरून असतो. टाकीतली हवा, जॅकेट, खोली, सगळं तोच बघतो. आपण श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. तो अनुभव झाला. प्रमाणपत्राचा अर्थ वेगळा. ते हातात आलं, की पाण्याखाली आपली काळजी आपणच घ्यायची, आणि जोडीदाराचीही.

हे प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुलाला मिळू शकतं. पॅडी या जगभर पसरलेल्या प्रशिक्षण संस्थेत आठव्या वर्षी मुलांना फक्त चव चाखायला देतात, तीही जास्तीत जास्त २ मीटर खोलीपर्यंत. दहाव्या वर्षी 'ज्युनियर ओपन वॉटर'चा कोर्स करता येतो. त्यात थिअरी, स्विमिंग पूलमधला सराव आणि मग तलावात किंवा समुद्रात चार डाइव्ह असतात. २०० मीटर पोहून दाखवायचं, १० मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवायचं. तब्येतीची प्रश्नावली भरायची. दमा, कानाचे जुने दुखणे असं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते.

कार्डावर 'ज्युनियर' लिहिलेलं असतं, त्याला अर्थ आहे. १०-११ वर्षांच्या मुलाने १२ मीटरपेक्षा खोल जायचं नाही आणि सोबत प्रशिक्षित पालक किंवा व्यावसायिक डायव्हर हवाच. १२ ते १४ वयात १८ मीटरपर्यंत, तेही कार्डधारक मोठ्या माणसासोबत. पंधराव्या वर्षी हे बंधन सुटतं. म्हणजे हे कार्ड काय करता येतं त्यापेक्षा काय करायचं नाही, ते जास्त सांगतं. आपण मात्र ते फ्रेम करून भिंतीवर लावायच्या तयारीत असतो.

इथे मी आपल्याच लोकांविषयी, म्हणजे आधी स्वतःविषयी बोलतोय. परदेशातल्या आपल्या घरांमध्ये मुलांच्या प्रमाणपत्रांची एक फाइलच असते. गणिताचे क्लास, स्पेलिंगची स्पर्धा, कराटेचा पट्टा, कथकची परीक्षा. त्यात स्कूबाचं कार्ड आलं, की कॉलेजच्या अर्जाला शोभा येईल, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. खोटं कशाला बोलू?

पूलमधला सराव झकास झाला. श्वास का रोखायचा नाही, हे प्रशिक्षकाने तिला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं. सुमारे १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा रोखून वर आलं, तर ती दुप्पट फुगू पाहते आणि फुफ्फुसाला इजा होते. बॉईलचा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. लेक म्हणाली, "विमानात वेफर्सचं पाकीट फुगतं ना, तसं." प्रशिक्षक हसला. मला वाटलं, झालं, पोरगी तयार आहे.

मग आम्ही लेक ट्रॅव्हिसला गेलो. हा ऑस्टिनजवळचा धरणाचा तलाव. पाणी गढूळ, खाली गेलं की गार. मुलांचं अंग लहान, त्यामुळे ती लवकर गारठतात. दुसऱ्या डाइव्हला चारेक मीटरवर तिने कानाकडे बोट दाखवलं आणि मग अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'मस्त' असा नसतो, 'वर चला' असा असतो. आम्ही सगळे सावकाश वर आलो.

वर येताच मी म्हणालो, "थोडा जोर लावून बघ ना, आता एवढे पैसे भरलेत!" प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, दाब लवकर सारखा होत नाही, आणि जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते. पुढे तो म्हणाला, "डाइव्ह कुणीही, कधीही, कारण न देता थांबवू शकतो. आज तिने ते बरोबर केलं. तुम्ही आत्ता तिला शिकवताय, की असं केलं तर बाबा रागावतात." मला उत्तर सुचलं नाही. लेक टॉवेल गुंडाळून खाली मान घालून बसली होती.

तो डाइव्ह आम्ही दोन आठवड्यांनी पूर्ण केला. पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. मूल तयार आहे का, याची परीक्षा पोहण्यात किंवा थिअरीच्या मार्कांत नाही. सगळे बघत असताना ते 'मला वर जायचंय' म्हणू शकतं का, आणि आपण ते निमूट ऐकतो का, यात आहे.

दुसरी गोष्ट नियमाबद्दल. कालच कार्ड मिळालेला बाप आणि कालच कार्ड मिळालेली दहा वर्षांची लेक, दोघं मिळून डाइव्हला गेले तर नियमात बसतं. मला ते पटत नाही. डायव्हिंग जोडीनं करतात ते एकमेकांना वाचवता यावं म्हणून. माझं वजन ८२ किलो. मला खाली काही झालं, तर ती बिचारी काय करणार? म्हणून आमच्या घरचा नियम संस्थेपेक्षा कडक आहे. सोबत अनुभवी डायव्हमास्टर असल्याशिवाय आम्ही दोघं उतरत नाही. थोडे डॉलर जास्त जातात, जाऊ देत.

याचा अर्थ मुलांना पाण्यापासून लांब ठेवा, असा अजिबात नाही. आपल्या पिढीत पुष्कळ जणांना नीट पोहताही येत नाही. मुलं ती भीती घेऊन वाढू नयेत. पण दहाव्या वर्षी कोर्स करता येतो म्हणून दहाव्याच वर्षी केला पाहिजे, असं नाही. बाराव्या वर्षी केला तरी समुद्र तिथेच असतो. मूल स्वतःहून मागतंय का, ते आधी बघा.

आणि सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवणला पावसाळा असतो, तेव्हा तिथलं डायव्हिंग बंद असतं. जायचं तर डिसेंबरात जा. आणि सकाळी डाइव्ह, संध्याकाळी मोपाहून विमान, असा बेत आखू नका. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त झाले असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. चार दिवसांच्या धावपळीत नेमकं हेच राहून जातं.

येत्या डिसेंबरात आम्हीही मालवणला जाणार आहोत. आजी होडीत बसून बघणार म्हणते. लेकीला मी सांगून ठेवलंय, की तुझा अंगठा वर गेला की माझाही वर. कान दुखला म्हणून, थंडी वाजली म्हणून किंवा नुसतं नको वाटलं म्हणून. पैशांचं मी बघेन.