सुतारांची श्रेणी

गृहस्थाच्या घरांतील बहुतेक मंगल कार्यें लांकडाच्या साक्षीनें होतात. मुंजीचा पाट, लग्नांतील चौरंग, बाळाचा पाळणा, देवघरांतील देव्हारा, माजघरांतील झोपाळा हें सर्व एकाच कारागिराच्या हातचें. असें असूनहि तो कारागीर कसा जगतो व त्याच्या धंद्याची आज काय स्थिति आहे, याची विचारपूस आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून क्वचितच होते. पलंग कोठें स्वस्त मिळेल, एवढेंच आपण विचारतों. प्रस्तुत लेखांत आम्ही आमच्या मुळशी तालुक्यांतील सुतारकामाच्या निमित्तानें एका प्रश्नाचा विचार करणार आहों. एकाच धंद्यांतील माणसांनीं एकमेकांस केवळ प्रतिस्पर्धी मानावें, कीं सहव्यवसायीहि मानावें, हा तो प्रश्न.

संघांत शक्ति आहे, हें वचन आपण शाळेंत घोकतों आणि बहुधा शाळेंतच ठेवून येतों. आपल्या पूर्वजांची गोष्ट निराळी होती. धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं जीं प्रकरणें सांगितलीं आहेत, त्यांत संभूयसमुत्थान नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. अनेकांनीं मिळून धंदा केला असतां नफातोट्याची वांटणी कशी करावी, याचा निर्णय त्यांत दिलेला आढळतो. एका धंद्याच्या लोकांच्या संघास श्रेणी म्हणत. या श्रेणी किती विश्वासपात्र होत्या, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. आपल्याच पुणें जिल्ह्यांत जुन्नरच्या लेण्यांतील सुमारें अठराशें वर्षांपूर्वींच्या शिलालेखांत बांबूचें काम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींपाशीं धर्मकार्यासाठीं ठेव ठेविल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींपाशीं मिळून तीन हजार कार्षापण ठेविल्याचें कोरलेलें आहे. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें होतें. राजाच्या जांवयानें आपलें द्रव्य विणकरांच्या हवालीं करावें, याचा अर्थ वाचकांनींच लक्षांत घ्यावा. एकटा विणकर आज आहे, उद्यां नाहीं. श्रेणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहील, हा तो भरंवसा होता.

आणि सुताराविषयींच बोलावयाचें तर शेजारच्या मावळांतील कार्ल्याच्या लेण्याकडे पाहावें. तेथील चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीं बसविलेल्या लांकडी कमानी अद्याप जागच्या जागीं आहेत. त्याच लेण्याचें एक द्वार धेनुकाकट येथील सामि नांवाच्या सुतारानें, वेणुवासाच्या पुत्रानें, करविल्याचा लेख आहे. दान देण्याइतकी ज्याच्या घरीं शिल्लक होती, असा तो सुतार होता.

आतां मुळशीकडे वळूं. तालुक्याच्या पश्चिमेस ताम्हिणी घाट, दाट झाडी व अपार पाऊस. पूर्वेस पुणें शहर. मध्यें पौड हें तालुक्याचें ठाणें. पूर्वीं गांवोगांवीं सुतार असे. नांगर, कुळव, गाडीचें चाक, घराचें आढें हीं त्याचीं कामें, आणि सुगीच्या वेळीं मिळणारें धान्य हें त्याचें बलुतें. या व्यवस्थेंत जातीची बेडी होती, व तिचें पुनरुज्जीवन व्हावें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु त्या सुतारास गिऱ्हाईक शोधावें लागत नव्हतें, एवढें खरें. पुढें येथें टाटांचें धरण झालें. सन १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, तरी खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. जमीन गेली तेव्हां नांगर गेला, आणि नांगराबरोबर सुताराचें बलुतें गेलें. जीं गांवें वांचलीं, तेथें लोखंडी नांगरानें व ट्रॅक्टरनें तेंच काम सावकाश केलें.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र चक्र उलट फिरलें आहे. हिंजवडी व माण हीं याच तालुक्यांतील गांवें. तेथें संगणकाच्या धंद्याच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. पिरंगुटास कारखाने आले. भूगांव व भुकूम येथें इमारती उठल्या आणि धरणाच्या कांठीं शहरवासीयांचे बंगले झाले. या सर्वांना टेबलें, खुर्च्या, कपाटें, पलंग हवे आहेत. गिऱ्हाईक सुताराच्या दारांत येऊन उभें आहे. पण माल येतो तो पुष्कळदां परगांवाहून, खोक्यांत भरून. असें कां व्हावें?

आमच्या हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी पौडाच्या बाजूस लहानसा कारखाना चालवितो. दोघे भाऊ, दोन कारागीर, लांकूड चिरण्याचें व रंधण्याचें यंत्र, एवढाच पसारा. दोन वर्षांपूर्वीं भर पावसाळ्यांत त्याला एका कचेरीचें काम मिळालें. सभेसाठीं चार फूट रुंदीचें सागवानी टेबल करावयाचें होतें. काम देखणें झालें, सर्वांनीं वाखाणलें. चार महिन्यांत टेबलाच्या फळ्यांमध्यें नाणें शिरेल एवढ्या भेगा पडल्या. कचेरीनें उरलेले पैसे अडवून ठेविले व पुढचें काम दुसऱ्यास दिलें.

दोष सागाचा नव्हता, आणि हाताचाहि नव्हता. लांकूड हवेंतील ओलावा शोषून घेतें व सोडून देतें, आणि त्याप्रमाणें रुंदींत फुगतें व आटतें. लांबींत जवळजवळ नाहीं. आषाढांत पौडासारख्या ठिकाणीं उघड्यावर राहिलेल्या लांकडांत शेंकडा सुमारें सोळा ते अठरा भाग ओलावा असतो. तेंच लांकूड रात्रंदिवस यंत्रानें थंड व कोरड्या ठेवलेल्या कचेरींत गेलें कीं हें प्रमाण आठ-दहांवर उतरतें. एवढ्या फरकानें चार फुटी टेबल अर्धा ते पाऊण इंच आटूं शकतें. फळ्या चौकटीला घट्ट जखडलेल्या असल्या म्हणजे त्यांना आटावयास वाव राहत नाहीं व त्या फाटतात.

या गोष्टींतील खेदाची बाब पुढेंच आहे. त्याच रस्त्यावर दोन-तीन कोसांवर दुसरा एक सुतार आहे. त्याच्यापाशीं ओलावा मोजण्याचें हातांत मावेल एवढें यंत्र आहे. आणि टेबलाची फळी चौकटीला न जखडतां सरकत्या खुंट्यांनीं कशी अडकवावी, हेंहि त्याला ठाऊक आहे. दोघांची ओळख आहे, लग्नकार्याला जाणें-येणें आहे. पण धंद्याचें बोलणें नाहीं. पांच मिनिटांच्या बोलण्यानें जें टळलें असतें, त्यापायीं एका घराचे सहा महिन्यांचे कष्ट बुडाले, आणि धाकट्या भावानें पटाशी ठेवून कंपनींत मोटार हांकण्याची नोकरी धरली.

तेव्हां व्यवसायसंघाचा पहिला लाभ ज्ञानाचा होय. दुसरा लांकडाचा. पूर्वीं उत्तम साग ब्रह्मदेशांतून येई. त्या देशानें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आतां आफ्रिका व अमेरिका खंडांतील लागवडीचा साग कांडल्यासारख्या बंदरांत उतरतो. चार फळ्यांचें गिऱ्हाईक बंदरापर्यंत पोंचूं शकत नाहीं. त्याला वखारीवर मिळेल तो माल मिळेल त्या भावानें घ्यावा लागतो. पंधरा जणांनीं मिळून ट्रकभर माल आणविला, तर मधले हात कमी होतात व लांकूड पारखून घेतां येतें. लांकूड वाळविण्याच्या भट्टीचेंहि तसेंच. उघड्या हवेंत फळी वाळण्यास जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा जुना ढोबळ हिशेब आहे. भट्टींत तेंच काम कांहीं आठवड्यांत होतें. एकट्या सुतारास ती भट्टी परवडत नाहीं, आणि त्याच्या एकट्याच्या लांकडानें ती भरतहि नाहीं. लघुउद्योगांच्या समूहासाठीं अशा सामायिक सोयी उभारण्यास सरकार साहाय्य देतें. परंतु तें समूहास मिळतें, एकट्यास नाहीं.

तिसरा लाभ मोठ्या कामाचा. तीनशें खुर्च्या दोन महिन्यांत द्या, असें कोणी म्हटलें तर चार माणसांचा कारखाना हात जोडतो. इटलीच्या ईशान्य भागांत मान्झानो नांवाचें गांव आहे. त्या गांवाच्या परिसरांत खुर्च्या करणाऱ्या लहान कारखान्यांची दाटी झाली. कोणी पाय कांतावे, कोणी लांकूड वांकवावें, कोणी गादी बसवावी. आणि सर्वांची मिळून झालेली खुर्ची देशोदेशीं जावी, असा तेथील क्रम. या शतकाच्या आरंभापासून परदेशच्या स्वस्त मालापुढें त्यांतील पुष्कळ कारखाने बंद पडले, हेंहि सांगितलें पाहिजे. संघ म्हणजे अमरपट्टा नव्हे. परंतु एवढी मजल त्या लहान माणसांनीं एकेकट्यानें कधींच मारली नसती.

चौथा लाभ वसुलीचा. सन २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणें, नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचा माल घेतल्यावर लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आंत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतें. कायदा चांगला आहे. पण एकटा सुतार तक्रार करण्यास भितो, कारण तें गिऱ्हाईक पुन्हां यावें अशी त्याची आशा असते. तेंच पत्र संघाच्या नांवानें गेलें, तर मागणाऱ्यावर व्यक्तिशः रोष येत नाहीं. पांचवा लाभ शिक्षणाचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत अठरा व्यवसायांमध्यें सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठीं पंधरा हजार रुपये, आणि शेंकडा पांच व्याजानें प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तींत तरतूद आहे. अर्ज कोठें करावा, कागद कोणते लागतात, हें एकानें शिकून दहांना सांगावें, यासाठींच संघ असतो.

यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. आपलें गिऱ्हाईक व आपली युक्ति दुसऱ्यास दाखविली तर तो आपल्याच पोटावर पाय देईल, असें कारागीर म्हणतात. ही भीति खोटी नाहीं. म्हणून संघाला मर्यादा हवी. गिऱ्हाइकाचें नांव व भाव ज्याचा त्यानें आपल्यापाशीं ठेवावा. लांकूड, यंत्र, कायदा व शिक्षण हे विषय मात्र सर्वांचे मानावे. सर्वांनीं मिळून भाव चढवून ठेवणें हें तर गिऱ्हाइकाशीं वैर होय, व २००२ च्या स्पर्धाविषयक कायद्यानें तें निषिद्धहि आहे. दुसरी मर्यादा अशी कीं, संघ जातीचा नसावा. आज मुळशींत राजस्थान व उत्तर प्रदेश येथून आलेले निष्णात कारागीर काम करतात, व परंपरेनें सुतार नसलेले तरुणहि या धंद्यांत पडले आहेत. त्यांना दाराबाहेर ठेवणारा संघ फार दिवस टिकणार नाहीं. तिसरी गोष्ट हिशेबाची. वर्षांतून एकदां जेवण व सत्कार, आणि तहहयात एकच अध्यक्ष, अशी संस्था नसलेली बरी. दरमहा ठरल्या दिवशीं एकाच्या कारखान्यांत जमावें, एकच विषय घ्यावा, आणि जमाखर्च वाचून दाखवावा.

हें आपल्या लोकांना जमणारें नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यानें आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील लोणीचें उदाहरण आठवावें. तेथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीनें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें शेतकऱ्यांनीं सहकारी साखर कारखाना काढला व १९५० सालीं तो चालू केला. पुण्यांतील व्यापारी व कारखानदार यांनीं तर त्यापूर्वींच, १९३४ सालीं, मराठा चेंबर ही संस्था स्थापिली व ती आजहि चालू आहे. लोणीस एका विद्वानानें शेतकऱ्यांच्या बाजूस बसून हिशेब मांडला, हें आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें.

कारण या कामीं आपल्या घरांचाहि वांटा आहे. कपाट करवून घेतांना लांकूड कोणतें, तें किती वाळलें आहे, हें विचारावें. काम पुरें होतांच पैसे चुकते करावे. सणावाराच्या आधीं आठ दिवस घाई करूं नये. ज्यांच्या घरीं हिशेबतपासनीस, वकील किंवा निवृत्त बँक-अधिकारी आहेत, त्यांनीं महिन्यांतील एक संध्याकाळ अशा कारागिरांच्या संघाची नोंदणी, अर्ज व वह्या यांसाठीं द्यावी. आमच्या त्या विद्यार्थ्यानें व त्याच्या शेजाऱ्यानें मिळून सात-आठ जणांची अशी बैठक सुरू केली आहे. त्यांना पैशांची मदत नको आहे. घटनेचे नियम नीट लिहून देणारा कोणी हवा आहे. पौडाच्या वाटेवर ज्यांचें जाणें-येणें असेल, त्यांनीं हें काम अवश्य हातीं घ्यावें.