यंत्र परके, सूर आपला

गणेशोत्सव जवळ आला की भिवंडीसारख्या शहरात ‘डीजे’ या एका शब्दावरून घरोघरी वाद झडतात. तरुणांना मिरवणुकीत तो हवाच असतो. वडीलधाऱ्यांना तो संस्कृतीवरचा घाला वाटतो. दोघांच्याही लेखी डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत. विद्युत वाद्यांवर संगीत रचणे ही एक विद्या आहे आणि तिच्या जागतिक इतिहासातील एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले, हे मात्र दोघांच्याही गावी नसते.

ते पान चरणजित सिंग यांचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे हे कलावंत विवाहसमारंभांतही वादन करीत. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्या हाती आली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे स्वर पुरवणारे यंत्र. १९८२ साली या तिन्हींवर त्यांनी भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती ध्वनिमुद्रिका. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. राग कानात मुरलेल्या वादकाला तिच्यात मींड सापडली, यात नवल ते काय?

ध्वनिमुद्रिका खपली नाही. ग्राहकांअभावी टीबी-३०३ चे उत्पादनही १९८४ मध्ये थांबले. पुढे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने त्याच टाकाऊ ठरलेल्या यंत्रावर रचलेले ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध केले. त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ ही नृत्यसंगीताची शैली उदयास आली आणि युरोपची तरुणाई तिच्यामागे धावली. मुंबईतील ध्वनिमुद्रिका तोवर विस्मृतीत गेली होती. एदो बाउमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जग चकित झाले. सत्तरी गाठलेल्या सिंग यांना युरोपातून निमंत्रणे आली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

यावरून ‘सारे काही आम्हीच शोधले’ अशी बढाई मारण्याचे कारण नाही. शिकागोच्या कलावंतांचे श्रेय त्यांचेच आहे. खंत निराळी आहे. आपल्या माणसाचे मोल आपल्याला परक्याने सांगावे लागले. आत्मविस्मृती म्हणतात ती हीच.

भिवंडीला तरी हे वेगळे समजावून सांगायला नको. यंत्रमाग विलायतेतून आला. म्हणून त्यावर विणलेले कापड विलायती ठरले नाही. सूत कोणते आणि वीण कशी, यावर कापडाची ओळख ठरते. संगीताचेही तसेच आहे. पुण्यात वाढलेल्या रित्विझ या तरुण संगीतकाराने बालपणी ध्रुपदाचे शिक्षण घेतले. २०१७ च्या ‘उड गये’ या त्याच्या गीताने देशभरातील तरुणांना वेड लावले. पाया घरचा असेल तर यंत्र परके राहत नाही.

म्हणून मुलाने संगणकावर संगीत रचण्याचा हट्ट धरला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आधी त्याला षड्ज लावायला शिकवावे, तबल्याच्या चार तालांची ओळख करून द्यावी. मग खुशाल संगणक द्यावा. उत्सव मंडळांनीही रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा २००० सालापासूनचा नियम पोलिसांच्या धाकाने नव्हे, शेजारच्या आजारी वृद्धाच्या आठवणीने पाळावा. विरोध गोंगाटाला असावा, विद्येला नव्हे. एखादा चरणजित सिंग आजही कुठल्या गल्लीत राग बांधत बसला असेल. त्याला ओळखण्यासाठी यावेळी तरी हॉलंडहून कोणी येण्याची वाट पाहू नये.