घड्याळाची पारख

अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचे धंदेवाईक संघ कॉलेजांतील खेळाडूंची दर वर्षीं पाळीपाळीनें निवड करितात. फेंकलेला चेंडू धांवत जाऊन झेलणाऱ्या ‘वाइड रिसीव्हर’ची ४० यार्डांची धांव त्यापूर्वीं घड्याळावर मोजिली जाते.

सन २०१७ मध्यें जॉन रॉस यानें ती ४.२२ सेकंदांत पुरी करून तत्कालीन उच्चांक स्थापिला. ९ व्या क्रमांकानें त्याची निवड झाली. कूपर कप यास ४.६२ सेकंद लागले. त्याचा क्रमांक ६९ वा. वस्तुतः ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाकडून चार वर्षांत त्यानें ४२८ झेल घेतले होते. पण प्रतिस्पर्धी दुय्यम दर्जाचे, म्हणून त्यांचें मोल कमी ठरलें. पुढें २०२१ च्या हंगामांत झेल, यार्ड व टचडाऊन या तिहींतही कपच सर्वांत अग्रेसर झाला. रॉस मात्र दुखापतींमुळें वारंवार मागें पडला.

वेग निरुपयोगी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चार सेकंदांची धांव चार वर्षांच्या परिश्रमाहून वजनदार मानूं नये, असें आमचें मत आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनींही एका परीक्षेच्या गुणांकडे पाहतांना हें ध्यानांत ठेवावें.