पत्रिकेत न दिसणारं रक्त

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा आजार परका नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हातपाय ठणकतात, रक्त कमी होतं. पण गंमत पाहा, हे बाळ जन्मतं तेव्हा अगदी ठणठणीत असतं!

पोटात असताना प्रत्येक बाळाचं हिमोग्लोबिन निराळं असतं. जन्मानंतर त्याचं जनुक हळूहळू मिटतं आणि मोठेपणीच्या हिमोग्लोबिनचं जनुक कामाला लागतं. दोष नेमका या दुसऱ्यात! पहिलं कुठे जात नाही हं, फक्त त्याचं बटण बंद असतं. ते बंद ठेवण्यात बीसीएल११ए या तिसऱ्याच जनुकाचा हात आहे, हे २००८ साली कळलं. मग रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, क्रिस्परच्या कात्रीने रक्तपेशींपुरतं त्या जनुकाला थोपवायचं आणि पेशी परत द्यायच्या. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. त्याआधी कडक केमोथेरपी सोसावी लागते ती वेगळीच, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! आपल्यातल्या कुणाला झेपणार?

आपल्या हाती आहे ती तपासणी. आईवडील दोघेही वाहक असले, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता ४ त १. पहिलं मूल निरोगी झालं तरी दुसऱ्या वेळी तेवढीच. वाहक स्वतः धडधाकट दिसतात, म्हणून हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस लग्नाआधीच करावी, निदान दिवस राहिल्याबरोबर. आणि एकट्या सुनेची नको, चिरंजीवांचीही करा!