मेंढरांचा वाडा बसवायला खाचर उरले कुठे?

दिवाळी झाली, भाताची कापणी आटोपली की घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी परिसरातले आणि पुणे जिल्ह्यातले वाडे कल्याण-भिवंडीपासून कर्जत, खालापूर, पेणपर्यंत पांगतात आणि मृग लागण्याआधी घाट चढून परत जातात. तुमच्यापैकी अनेकांच्या खाचरात कधी ना कधी असा वाडा बसला असेल. हल्ली तो दिसत नसेल, तर कारण फक्त धनगरांची नवी पिढी मेंढ्यांमागे जात नाही एवढेच नाही. बसायला जागा राहिलेली नाही, हे मोठे कारण आहे.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची प्रथमच वेगळी नोंद घेण्याचे ठरले. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण कर्जत-खालापुरातला निर्णय शेवटी गावातच व्हायचा आहे. त्यासाठी या व्यवहारात दोन्ही बाजूंचा फायदा नेमका किती, हे एकदा हिशेबाने पाहू.

आधी मेंढपाळाची बाजू. दख्खनी मेंढी ही कमी पावसाच्या पठाराची. तिथे दिवाळीनंतर चारा-पाणी आटते, आणि नेमक्या त्याच वेळी कोकणात खाचरातले बुडखे, बांधावरचे गवत आणि ओढ्याचे पाणी उपलब्ध असते. पावसाळ्यात मात्र ही मेंढी कोकणात टिकत नाही. तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पावसात खूर सडतात, लोकर भिजून राहते, कोकरे दगावतात. त्यामुळे वर्षाचे हे दोन भाग तिच्या शरीरानेच ठरवले आहेत. 'इथेच कायमची मेंढी पाळा' असा सल्ला कुणी देत असेल, तर कर्जतचा जुलै आठवून पाहा.

पूर्वी या धंद्याला लोकरीचा आधार होता. वर्षातून दोनदा कातरणी व्हायची आणि सणगर विणकर त्या लोकरीची घोंगडी करायचे. आज कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. बऱ्याच ठिकाणी कातरलेली लोकर टाकून दिली जाते. समाजमाध्यमांवर अल्पाकाच्या चित्रफिती पाहून 'हा प्राणी आपल्याकडे जमेल का' असे विचारले जाते, म्हणून थोडे विषयांतर. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरचा, थंड आणि कोरड्या हवेचा प्राणी. त्याची लोकर मऊ असते, वर्षाला दोन-तीन किलो निघते आणि तिला जगभर गिऱ्हाईक आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला अर्धा-पाऊण किलो, तीही जाडीभरडी. कर्जतच्या दमट उन्हाळ्यात अल्पाका आणणे म्हणजे त्या जनावराचे हाल आणि पैशाचे नुकसान. आपल्या मेंढीची किंमत लोकरीत शोधू नका. ती आता कोकराच्या मांसात आणि लेंडीत आहे. म्हणूनच मेंढपाळ माडग्याळसारख्या अंगाने मोठ्या जातीकडे वळले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोल जातीचे जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, तीही याच गरजेतून. मात्र घाट उतरून रोज मैलोगणती चालायचे काम आजही दख्खनीच चांगले करते.

लेंडीचा हिशेब

एक मोठी मेंढी रात्रभरात साधारण अर्धा किलो ओली लेंडी टाकते असे धरा. दोनशे मेंढ्यांचा वाडा असेल तर रात्रीला शंभर किलो. वाघर लावून एवढ्या मेंढ्या सुमारे दोन गुंठ्यांत बसतात. वाघर रोज पुढे सरकवली, तर एक एकर पूर्ण व्हायला वीस रात्री लागतात आणि दोन टन लेंडी पडते. त्यातून सुमारे चौदा ते वीस किलो नत्र मिळते. मूत्रातले नत्र वेगळे. सुधारित भात जातींसाठी हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे मेंढ्या बसवल्या की खताची गोणीच लागत नाही, हे गावात ऐकू येणारे बोलणे खरे नाही. पण लेंडीबरोबर स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्बही येतो, आणि तो पुढच्या दोन-तीन हंगामांना उपयोगी पडतो. तेवढे शेणखत विकत घेऊन, ट्रॅक्टरने आणून, पसरवायला किती खर्च येतो ते तुम्हाला माहीत आहेच.

खरी चूक वेळेत होते. डिसेंबरात वाडा बसला, लेंडी उघड्यावर राहिली आणि भाताची लावणी जुलैत झाली, तर मधल्या सहा-सात महिन्यांत मूत्रातले बहुतेक नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. उरलेल्यातले बरेच पहिल्या मुसळधार पावसात वाहून जाते. म्हणून वाडा उठल्यावर दोन दिवसांत हलकी नांगरट किंवा कुळवणी करून लेंडी मातीआड करा. ओल असेल तर लगेच वाल किंवा भाजीपाला घेणे सर्वांत चांगले. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्यांनी लावणीच्या आधीच्या पंधरवड्यात वाडा मिळतो का पाहावे. फक्त खरीप भात घेणाऱ्यांनी एप्रिल-मेमधला, परतीच्या वाटेवरचा वाडा धरावा.

आणखी एक जागा आहे जिकडे फारसे लक्ष जात नाही, ती म्हणजे रोपवाटिका. राब भाजण्यासाठी आपल्याकडे अजून ऐनाच्या फांद्या तोडल्या जातात आणि पालापाचोळा, शेण जाळले जाते. रोपवाटिकेच्या दोन-चार गुंठ्यांत मे महिन्यात दोन-तीन रात्री मेंढ्या बसवल्या आणि माती उलटली, तर रोपांना पुरेसे अन्न मिळते. राब भाजल्याने तणाचे बी मरते, तो फायदा इथे मिळणार नाही. त्यामुळे गादीवाफ्यावर एक खुरपणी जास्त धरा. झाडे आणि शेण वाचते, हे त्या बदल्यात पुष्कळ आहे.

कुंपणे आणि रस्ते

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचे कामही चर्चेत आहे. या दोन्हींमुळे जमिनीचे भाव चढले, खाचरांचे प्लॉट झाले आणि प्लॉटला कुंपण आले. शेतकऱ्याने जमीन विकली यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण एका गावच्या शिवारातली दहा-बारा खाचरे बंद झाली की वाड्याची अख्खी वाट तुटते. मेंढरांना बांधावरून जाता येत नाही, ती डांबरी रस्त्यावर येतात, गाड्यांखाली सापडतात. एप्रिलनंतर पाणवठाही कुंपणाच्या आत गेलेला असतो. महामेष योजनेतून किमान २० मेंढ्या आणि एक मेंढा असलेल्या मेंढपाळाला जून ते सप्टेंबरसाठी महिना ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये चराई अनुदानाची तरतूद आहे. ते पठारावरच्या पावसाळी महिन्यांसाठी आहे. कोकणातल्या महिन्यांचा प्रश्न पैशापेक्षा वाटेचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा आहे.

शेतघरवाल्यांना यातून बाहेर ठेवण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. त्यांच्या आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत वाळते आणि मार्चमध्ये वणवा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मेंढ्या सोडल्या तर गवत कमी होते आणि खत मिळते. अट एकच, कलमे मेंढीच्या तोंडाच्या उंचीवर असतील तर त्यांना काटेरी आडोसा हवा. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी दिवाळीपूर्वी ग्रामपंचायतीत अशा शेतकऱ्यांची आणि बागमालकांची यादी केली, तर वाड्याच्या कारभाऱ्याला दारोदार फिरावे लागणार नाही.

रोगांची देवाणघेवाण

वाडा आला की गावातल्या शेळ्यांचा विचार आधी करा. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर घरटी दोन-चार शेळ्या असतात आणि तेच त्या घराचे भांडवल असते. पीपीआरची लस एकदा टोचली की किमान तीन वर्षे संरक्षण देते. ती तीन-चार महिन्यांपुढील सर्व शेळ्या-मेंढ्यांना वाडा येण्याआधी द्या. नाक-डोळे वाहणारी, हगवण लागलेली किंवा अंगावर देवीचे फोड असलेली जनावरे कळपात दिसली, तर गावच्या शेळ्या त्याच पाणवठ्यावर सोडू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लागते.

उलट बाजूने धोका मेंढ्यांना आहे. पाणी साचलेल्या खाचरातल्या गोगलगायींमुळे यकृतातील पर्णकृमींचा प्रसार होतो आणि त्यांची पिल्ले गवताच्या पात्यांना चिकटून असतात. नोव्हेंबरात ओलसर खाचरात चरलेल्या मेंढ्या महिना-दोन महिन्यांनी खंगतात, जबड्याखाली सूज येते. वाड्याला कोरडी खाचरे आधी द्या, ओलीची जमीन जानेवारीनंतर. जंतनाशक कोणते आणि किती, ते पशुवैद्यकालाच ठरवू द्या. पोटातल्या सर्वसाधारण जंतांचे औषध यकृतकृमींवर चालेलच असे नाही. भाजीपाल्यावर फवारणी केली असेल, तर ते कारभाऱ्याला त्याच दिवशी सांगा. युरियाची फुटकी गोणी बांधावर राहिली असेल तर उचला, कारण थोडा युरिया खाल्ला तरी मेंढी तासाभरात मरू शकते.

व्यवहार तोंडीच होतो, पण चार गोष्टी आधी बोलून घ्या: किती रात्री, वाघर रोज सरकणार की नाही, पाणी कुठले, आणि शेजाऱ्याच्या वालात मेंढी शिरली तर भरपाई कुणी द्यायची. मोबदला धान्यात की रोखीत, हे गावागणिक बदलते. काही ठिकाणी तर उलट मेंढपाळाकडूनच चराईचे पैसे मागितले जातात. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे तुमच्या एकरात दोन टन लेंडी पडत असेल, तर पैसे कुणी कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा, आणि वाडा उठण्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवा.